जुना वॉलपेपर, ओली भिंत आणि बेटाडिनचा एक थेंब

डोंबिवलीला रीसेलमध्ये घेतलेल्या फ्लॅटमध्ये बेडरूमची एक अख्खी भिंत जुन्या वॉलपेपरने झाकलेली होती, करड्या रंगाची मोठमोठी फुलं, जोडावरच्या कडा उचललेल्या आणि खिडकीखाली बोटाने टकटक केलं की पोकळ आवाज यायचा. रंगकाम करणारे दादा आले, पिशवीतून पत्ती काढली आणि म्हणाले, "ताई, खरवडून टाकतो, दोन तासांचं काम आहे." कोपऱ्यात त्यांनी वीतभर खरवडलं पण, तर कागदाबरोबर खालची लांबी (पुट्टी) पापुद्र्यासारखी सुटून आली आणि मागे पीओपीचा पांढरा खड्डा दिसायला लागला. मी म्हटलं, "दादा, एक दिवस द्या मला, हा चिकटवलाय कशाने ते आधी बघू."

कारण सगळा खेळ गोंदाचा आहे. वॉलपेपर चिकटवायला पूर्वीपासून वापरतात ती म्हणजे आपली खळच, मैदा किंवा स्टार्च पाण्यात शिजवून केलेली. आमचे आजोबा वह्या-पुस्तकं बांधायचे तेव्हा पितळीत खळ शिजायची आणि झुरळं-कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद पडायचं. आकाशकंदीलही तिच्यावरच. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या, आणि कागदातलं सेल्युलोजसुद्धा ग्लुकोजच्याच साखळ्या, फक्त जोडणी वेगळी. दोघांच्या अंगावर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. खळ वाळली की या जोड्या एकमेकींना धरतात, याला हायड्रोजन बंध म्हणतात, एकेक बंध अगदी कमकुवत पण संख्येने इतके की कागद फाटेल पण गोंद सुटणार नाही.

आणि हेच बंध पाणी सोडवतं. पाण्याच्या रेणूलाही तसेच बंध करायला आवडतात, तो साखळ्यांच्या मध्ये शिरतो आणि कागदाने धरलेली जागा स्वतः धरतो, गोंद फुगतो, मऊ होतो. म्हणजे खळीने चिकटवलेल्या कागदाला जोर लावायची गरजच नाही, पाणी आत पोचायला वेळ द्यायचा. पण गोंद खळीचाच आहे हे कळणार कसं?

इथे घरातली औषधांची पेटी कामाला आली. उचललेल्या कडेमागचा वाळलेला गोंद नखाने थोडासा खरवडून बशीत घेतला, दोन थेंब कोमट पाण्यात कालवला आणि त्यावर पातळ केलेल्या बेटाडिनचा एक थेंब टाकला. तपकिरी थेंब बघता बघता जांभळा झाला आणि मग जवळजवळ काळा. बेटाडिनमधलं आयोडिन स्टार्चच्या गुंडाळलेल्या साखळीच्या पोकळीत जाऊन बसतं म्हणून हा रंग येतो, शाळेत बटाट्याच्या कापावर केलेला तोच प्रयोग. एक काळजी घ्या, थेंब कागदावर टाकू नका, कारण कागद बनवतानाही बरेचदा स्टार्च वापरतात आणि कागद उगाच काळा पडून तुम्हाला फसवेल. टेस्ट फक्त खरवडलेल्या गोंदाची करायची.

रंग बदलला नाही तर गोंद वेगळा. मेथिल सेल्युलोजची पावडर असेल तर तिची एक गंमत आहे, ती थंड पाण्यात विरघळते आणि गरम पाण्यात उलट घट्ट जेल होते, म्हणून तिथे उकळतं पाणी ओतून फायदा नाही, साधं पाणी आणि धीर. फेविकॉलसारखा पांढरा गोंद असेल तर पाण्याने तो नुसता पांढुरका आणि मऊ पडतो, विरघळत नाही, पण उष्णतेने ढिला होतो. आणि हल्ली ऑनलाइन मिळणारे सोलून चिकटवायचे स्टिकर, त्यांच्या गोंदाला पाण्याचं काही पडलेलंच नसतं, तिथे हेअर ड्रायरची गरम हवा आणि हळू हात.

आता पाणी मारलं तरी आत जाईल का हा पुढचा प्रश्न. आपल्याकडचे बरेच वॉलपेपर पीव्हीसीचे, म्हणजे वर प्लास्टिकचा थर आणि मागे कागद. त्यावर दिवसभर पाणी मारा, ओघळून फरशीवर येईल. म्हणून आधी वरचा प्लास्टिकचा थर कोरडाच सोलायचा, कोपऱ्यातून नखाने सुटा केला की बरेचदा अख्खी पट्टी येते आणि भिंतीवर मागचा भुरा कागद उरतो.

सोलताना कागद स्वतःकडे काटकोनात ओढू नका, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुटलेली पट्टी मागे दुमडून भिंतीला जवळजवळ समांतर, खालच्या दिशेला हळूहळू ओढायची. सोलण्याचं गणित असं आहे की न ताणल्या जाणाऱ्या पट्टीला ९० अंशात ओढताना जेवढं बल लागतं त्याच्या निम्मंच १८० अंशात लागतं, कारण तेवढीच भिंत मोकळी करताना तुमचा हात दुप्पट अंतर सरकतो. शिवाय काटकोनात ओढलं की सगळा ताण भिंतीतून बाहेर येणाऱ्या दिशेला, आणि लांबी नेमकी त्याच दिशेला कच्ची असते. सावकाश ओढायचं कारण गोंद थोडा घट्ट मधासारखा वागतो, झटका दिला की कडक होतो, वेळ दिला की वाहतो.

उरलेल्या भुऱ्या कागदावर कोमट पाणी आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब. साबणाचं काम गोंद विरघळवणं नाही, पाण्याचा पृष्ठताण कमी करणं आहे, म्हणजे पाणी थेंब होऊन घरंगळण्याऐवजी पसरतं आणि कागदाच्या धाग्यांत शिरतं. स्प्रे मारा, पंखा बंद ठेवा, १५ मिनिटं थांबा, परत मारा. जुन्यावरच नवा कागद लावला असेल तर घाईच नको, कारण जाडी दुप्पट झाली की पाणी आरपार जायला वेळ चौपट लागतो. मी वरून पोळ्या गुंडाळायची पातळ प्लास्टिक फिल्म चिकटवून ठेवली, पाणी उडून गेलं नाही आणि तासाभराने कागद ओल्या पापडासारखा सुटून आला. या सगळ्याआधी त्या खोलीचा एमसीबी बंद करायचा आणि स्विचबोर्डावर प्लास्टिक लावायचं, हे विसरून चालणारच नाही.

वाफेचं मशीन भारी काम करतं हे खरंय. एक ग्रॅम वाफ भिंतीवर पाणी होताना साधारण २२६० ज्यूल उष्णता सोडते, आणि तेच एक ग्रॅम पाणी १०० वरून ६० अंशांवर येताना फक्त १६७ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ साडेतेरा पट फरक. म्हणूनच वाफेने हात भाजतो तोही वाईट. पण आपल्या भिंतींवर पीओपीचा थर असतो, पीओपी म्हणजे जिप्सम, आणि जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं, ओलं झालं की मऊ पडतं. एका जागी वाफ धरून ठेवली तर कागदाआधी भिंतच हातात येईल. त्यामुळे पीओपीवर मी वाफ वापरणार नाही.

हट्टी राहिलेल्या खळीला एन्झाइमचा उपाय असतो. पोळीचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो ना, ते लाळेतलं अमायलेज स्टार्चच्या साखळ्या तोडतं म्हणून. बाहेरच्या देशात वॉलपेपर काढायच्या काही लिक्विडमध्ये याच जातीचं एन्झाइम असतं. ते फक्त स्टार्चवर चालतं आणि उकळत्या पाण्यात निकामी होतं, म्हणून कोमटच पाणी घ्यायचं.

तिकडे, म्हणजे इंग्लंडात वगैरे, व्हिक्टोरियन काळातल्या घरात राहत असाल तर जुना हिरवा कागद कोरडा घासूच नका. १७७५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीलेने बनवलेला हिरवा रंग तांबं आणि आर्सेनिकचा होता आणि एकोणिसाव्या शतकात तो व त्याची भावंडं वॉलपेपरवर सर्रास वापरली गेली. ओल आली की कागदावर बुरशी धरायची, आणि काही बुरशा त्या रंगापासून आर्सेनिकचा विषारी वायू बनवतात हे इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओने १८९०च्या दशकात दाखवलं.

आर्सेनिक नाही, पण बुरशी आमच्याकडेही निघाली. खिडकीखालची पट्टी सोलली तर मागे काळे-हिरवे ठिपके, कुबट वास, आणि भिंतीला लोणा लागून पांढरी पूड फुललेली. पावसाळ्यात बाहेरची हवा बाष्पाने भरलेली असते, ती वाफ भिंतीतून आत झिरपते आणि आत एसी चालू असल्यामुळे प्लास्टिकच्या मागचा पृष्ठभाग इतका थंड असतो की ती तिथेच पाणी होते. प्लास्टिक तिला खोलीत येऊ देत नाही, मग ते पाणी आणि खळ दोन्ही बुरशीला आयतं. म्हणून बाहेरच्या भिंतीला पीव्हीसी वॉलपेपर लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. ठिपके कोरडे घासले नाहीत, आधी ओले केले, एन-९५ मास्क घातला, खिडकी उघडी ठेवली आणि बाळाला शेजारच्या काकूंकडे दिलं.

दादा दुसऱ्या दिवशी प्रायमर घेऊन हजर. पण ओल्या भिंतीवर रंग मारला तर पोपडे ठरलेले, म्हणून दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवला आणि २४ तास ठेवला. सकाळी आतल्या बाजूला दवासारखे बारीक थेंब. "अजून हाय पाणी आत," दादा बोटाने थेंब पुसत म्हणाले आणि डबा परत घेऊन गेले. बाहेरच्या चिरा बुजवून घेतल्या, दर रविवारी नवा चौकोन लावत राहिलो, आणि चौथ्या आठवड्यात पहिल्यांदा प्लास्टिक कोरडं निघालं.