युरोपियन विद्यापीठ, सेंट पीटर्सबर्ग

सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या यांच्या उच्च अध्ययनासाठी आणि संशोधनासाठी रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरात स्थापन झालेले बिगरसरकारी पदव्युत्तर विद्यापीठ. त्याची स्थापना १९९४ मध्ये झाली आणि १९९६ मध्ये प्रत्यक्ष अध्यापन सुरू झाले. विद्यार्थिसंख्या नेहमीच काही शेकड्यांच्या आसपास राहिलेल्या या संस्थेचे नाव रशियाबाहेर दोन कारणांनी पोहोचले. एक म्हणजे तेथील संशोधनाचा दर्जा, आणि दुसरे म्हणजे २००८ मध्ये व पुन्हा २०१६ ते २०१८ या काळात तिच्यावर आलेली बंदीची वेळ. या दोन्ही प्रसंगी विद्यापीठात काय शिकवले जाते याविषयी सरकारने कागदोपत्री एका शब्दानेही आक्षेप घेतला नाही. आक्षेप होते ते अग्निसुरक्षेचे, व्यायामशाळेचे, खिडक्यांचे आणि अध्यापकांच्या कागदपत्रांचे. सोव्हिएटोत्तर रशियात विद्यापीठांवर राजकीय दबाव कोणत्या मार्गाने येतो, हे समजून घेण्यासाठी या संस्थेइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

सत्ता आणि विद्यापीठ यांच्यातील ताण रशियात जुना आहे. १८६३ च्या सनदेने विद्यापीठांना दिलेली स्वायत्तता १८८४ च्या सनदेने बव्हंशी काढून घेतली. १९११ मध्ये शिक्षणमंत्री कासो यांच्या धोरणाच्या निषेधार्थ मॉस्को विद्यापीठातील शंभरहून अधिक अध्यापकांनी राजीनामे दिले. सोव्हिएट काळात समाजशास्त्र व राज्यशास्त्र या विषयांना स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून वाढायला फारशी जागाच नव्हती, आणि जे संशोधन होई ते प्रामुख्याने विज्ञान अकादमीच्या संस्थांमध्ये, पक्षाच्या नजरेखाली होत असे. १९९२ च्या शिक्षणविषयक कायद्याने बिगरसरकारी शिक्षणसंस्थांना वाट मोकळी करून दिली, तेव्हा नव्या संस्थांपुढे इमारत आणि पैसा यांच्याइतकाच मोठा प्रश्न होता तो हे विषय शिकवणार कोण, हा.

या प्रश्नाला युरोपियन विद्यापीठाने दिलेले उत्तर सरळ होते: संशोधन करणाऱ्यांनीच शिकवावे, आणि पदवीपूर्व वर्ग न घेता थेट पुढच्या पिढीचे संशोधक घडवावेत. शहराचे तत्कालीन महापौर अनातोली सोबचाक यांच्या निर्णयाने संस्थेला आरंभ मिळाला. पहिले रेक्टर (म्हणजे कुलगुरू) झाले समाजशास्त्रज्ञ बोरिस फिर्सोव. फिर्सोव हे साठच्या दशकात लेनिनग्राड (सेंट पीटर्सबर्गचे सोव्हिएट काळातील नाव) दूरचित्रवाणीचे संचालक होते. १९६६ च्या आरंभी थेट प्रसारित झालेल्या एका साहित्यविषयक चर्चेत लेखक-विद्वानांनी मोकळेपणाने मते मांडली आणि त्यापायी फिर्सोव यांना ते पद सोडावे लागले. मोकळ्या चर्चेची किंमत स्वतः मोजलेला माणूस या विद्यापीठाच्या मुळाशी होता, ही गोष्ट त्याच्या पुढच्या वाटचालीचा विचार करताना विसरता येत नाही. त्यांच्यानंतर सैबेरियातील भाषांचे अभ्यासक निकोलाय वाख्तिन, राज्यशास्त्र व समाजशास्त्राचे अभ्यासक ओलेग खारखोर्दिन आणि समाजशास्त्रज्ञ वादिम वोल्कोव यांनी रेक्टरपद सांभाळले.

मानवशास्त्र, इतिहास, कलेतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व समाजशास्त्र हे येथील अध्ययनाचे मुख्य विभाग राहिले. बोरिस कोलोनित्स्की यांचे १९१७ च्या क्रांतीतील प्रतीकांवरील आणि राजकीय भाषेवरील काम, व्लादिमीर गेलमन व ग्रिगोरी गोलोसोव यांचे रशियातील सत्ताव्यवस्था व निवडणुका यांवरील लेखन, येलेना झ्द्रावोमिस्लोवा व आन्ना तेमकिना यांनी उभा केलेला लिंगभाव-अभ्यासाचा कार्यक्रम, यांमुळे संस्थेला आंतरराष्ट्रीय मान मिळाला. ‘अँथ्रोपोलॉजिकल फोरम’ हे नियतकालिक कुन्स्तकामेरा संग्रहालयाच्या सहकार्याने २००४ पासून निघू लागले. परदेशी विद्यार्थ्यांसाठी रशिया व युरेशिया यांच्या अभ्यासाचा इंग्रजी माध्यमातील पदव्युत्तर अभ्यासक्रमही चालवला गेला.

यांतही विशेष उल्लेख करावा लागतो तो २००९ मध्ये सुरू झालेल्या कायद्याच्या राज्याविषयीच्या संशोधन संस्थेचा. वोल्कोव यांनी आधी नव्वदच्या दशकातील खंडणीबहाद्दर टोळ्या आणि खाजगी संरक्षणाचा व्यवसाय यांचा अभ्यास केला होता. बळाचा वापर हाच धंदा कसा होतो आणि पुढे राज्यसंस्था ती सूत्रे पुन्हा आपल्या हाती कशी घेते, हा त्यांचा विषय होता. नव्या संस्थेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलीस, सरकारी वकील आणि न्यायाधीश यांच्या रोजच्या कामाची आकडेवारीच्या आधारे तपासणी केली. फौजदारी खटल्यांत निर्दोष सुटणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी का असते, वरून आलेली उद्दिष्टे पूर्ण करण्यासाठी पोलीस गुन्ह्यांची नोंद कशी वळवतात, सरकारी तपासण्यांचे ओझे उद्योगांवर कसे पडते, असे प्रश्न त्यांनी हाताळले. घोषणाबाजी टाळून आकड्यांनिशी बोलणारे हे संशोधन सरकारी सुधारणांच्या चर्चेतही वापरले गेले. अशा प्रकारचे काम रशियात होऊ शकले, हे या विद्यापीठाचे मोठे श्रेय मानावे लागते.

पैशाच्या बाबतीत संस्थेची पहिली दहा-बारा वर्षे फोर्ड, मॅकआर्थर, सोरोस यांसारख्या परदेशी प्रतिष्ठानांच्या अनुदानावर गेली. २००६ च्या अखेरीस रशियात कायमनिधीविषयीचा कायदा झाला. मूळ रक्कम गुंतवून ठेवून केवळ तिच्या उत्पन्नावर संस्था चालवण्याची मुभा या कायद्याने दिली, आणि तिचा लाभ घेणाऱ्या सुरुवातीच्या संस्थांत युरोपियन विद्यापीठ होते. देशातील उद्योजकांच्या देणग्या येऊ लागल्या आणि परदेशी पैशावरचे अवलंबन कमी झाले. हा निर्णय दूरदृष्टीचा ठरला, कारण २०१२ मध्ये ‘परदेशी हस्तक’ (परदेशी पैसा घेणाऱ्यांवर मारला जाणारा शिक्का) आणि २०१५ मध्ये ‘अवांछित संघटना’ (ज्यांच्याशी संबंध ठेवणे बेकायदा ठरते अशा परदेशी संस्था) यांविषयीचे कायदे आले, सोरोस यांचे प्रतिष्ठान त्याच वर्षाच्या अखेरीस अवांछित ठरवले गेले आणि मॅकआर्थर प्रतिष्ठानानेही मॉस्कोतील कार्यालय बंद करण्याचे जाहीर केले. मात्र देणगीदार देशी असल्याने संस्था सुरक्षित होते, हा समज पुढच्या घटनांनी खोटा ठरवला.

पहिला आघात २००८ चा. आदल्या वर्षी विद्यापीठाने युरोपीय संघाकडून निवडणूक-निरीक्षणाची पद्धत सुधारण्याविषयीच्या एका प्रकल्पासाठी सहा लाख युरोंहून अधिक अनुदान स्वीकारले होते. डिसेंबर २००७ मध्ये संसदेची आणि मार्च २००८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. परदेशी पैशाने निवडणुकांत ढवळाढवळ होत असल्याची तक्रार सत्ताधारी पक्षाच्या एका संसद-सदस्याने केली. जानेवारी २००८ मध्ये अग्निशमन खात्याने इमारतीची तपासणी करून अनेक त्रुटी दाखवल्या, महिनाअखेर विद्वत्परिषदेने तो प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि तरीही फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जिल्हा न्यायालयाच्या आदेशाने विद्यापीठाला कुलूप लागले. विद्यापीठ गागारिन्स्काया रस्त्यावरील कुशेलेव-बेझबरोदको घराण्याच्या एकोणिसाव्या शतकातील प्रासादात होते. वारसा म्हणून संरक्षित असलेल्या वास्तूत जिने आणि दरवाजे बदलण्याला कायदाच आडवा येत असे, आणि अग्निशमन खात्याला मात्र तेच बदल हवे होते. एका नियमाचे पालन म्हणजे दुसऱ्याचा भंग, अशा या कोंडीत कोणतीही जुनी संस्था हवी तेव्हा सापडू शकते.

विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी उघड्यावर वर्ग घेतले, रस्त्यावरच्या व्याख्यानांची मालिका सुरू केली. देशोदेशींच्या विद्वानांनी पत्रे लिहिली. दुरुस्त्या पार पडल्यावर २१ मार्च रोजी, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होऊन गेल्यावर, विद्यापीठ पुन्हा उघडले. बंदीचा निवडणुकीशी संबंध असल्याचे कोणत्याही सरकारी कागदात म्हटलेले नाही, परंतु घटनांचा क्रम पाहता तो नाकारणे अवघड आहे. प्रकल्प स्वतःहून बंद करण्याचा विद्वत्परिषदेचा निर्णयही येथे नोंदवला पाहिजे. त्याला माघार म्हणता येईल, किंवा बाकीचे सारे वाचवण्यासाठी केलेली तडजोड म्हणता येईल. तो घेणाऱ्यांवर शेकडो लोकांच्या शिक्षणाची जबाबदारी होती.

दुसरा आघात अधिक लांबला. २०१६ मध्ये शहराच्या विधानसभेचे तत्कालीन सदस्य व्हिताली मिलोनोव यांनी तक्रार केली. समलैंगिकताविरोधी कायद्याचे पुरस्कर्ते म्हणून ते प्रसिद्ध होते आणि येथील लिंगभाव-अभ्यासाविषयीचा आपला तिटकारा त्यांनी जाहीरपणे व्यक्त केला. त्यानंतर अकरा सरकारी खात्यांनी तपासण्या केल्या आणि सुमारे १२० त्रुटी नोंदवल्या. व्यायामशाळा नाही, दारूच्या दुष्परिणामांची माहिती देणारा फलक नाही, अशा गोष्टी त्यांत होत्या. बहुतेक त्रुटी दूर झाल्या, पण राज्यशास्त्राच्या अध्यापकांत प्रत्यक्ष व्यवसायातील व्यक्तींचे प्रमाण नियमानुसार नाही, हा आक्षेप उरला. संशोधक घडवणाऱ्या विद्यापीठाला ही अट लावण्यात कितपत अर्थ आहे, याचा विचार नियमात नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये रोसोब्रनाद्झोर या केंद्रीय शिक्षण-पर्यवेक्षण यंत्रणेने परवाना स्थगित केला, मार्च २०१७ मध्ये लवाद न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि अपिलांनंतर त्या वर्षी अध्यापन थांबले.

रशियात शिक्षणसंस्थेला दोन स्वतंत्र गोष्टी लागतात. परवान्याशिवाय शिकवताच येत नाही. सरकारी मान्यता नसेल तर शिकवता येते, पण शासनमान्य पदवी देता येत नाही आणि लष्करी सेवेतून मिळणारी सूटही विद्यार्थ्यांना मिळत नाही. मॉस्कोतील ‘शानिन्का’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सामाजिक व आर्थिक शास्त्रांच्या विद्यालयाने २०१८ मध्ये मान्यता गमावली, तरी तेथील वर्ग चालू राहिले. युरोपियन विद्यापीठाचा परवानाच गेला, म्हणून तेथे शिक्षण कायद्यानेच अशक्य झाले.

इमारतीचा प्रश्न याच सुमारास उभा राहिला. देणगीदारांच्या पैशातून प्रासादाचे नूतनीकरण करण्याची योजना होती आणि फ्रेंच वास्तुविशारद झाँ-मिशेल व्हिल्मोत यांचा आराखडाही निवडला गेला होता. मात्र वारसा-संरक्षणाच्या अटी मोडल्याचे कारण देऊन नगरप्रशासनाने भाडेपट्टा रद्द केला. प्लॅस्टिकच्या चौकटींच्या खिडक्या हा त्यातील एक मुद्दा होता. न्यायालयात विद्यापीठ हरले आणि २०१८ च्या आरंभी नेवा नदीपासून जवळच असलेली ती जागा सोडून त्याच परिसरात श्पालेर्नाया रस्त्यावरील भाड्याच्या इमारतीत गेले. या साऱ्यामागे मोक्याच्या जागेचा लोभ होता, की लिंगभाव-अभ्यासाविषयीचा रोष, की निवडणुका व सत्ता यांचा अभ्यास करणाऱ्यांविषयीचा संशय, याबद्दल मते वेगवेगळी आहेत आणि एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. अनेक हितसंबंधांना एकाच वेळी सोयीची वाटेल अशी ही कारवाई होती, एवढे म्हणणे अधिक वाजवी ठरते. माजी अर्थमंत्री अलेक्सेय कुद्रिन यांच्यासारखे वजनदार लोक विद्यापीठाच्या बाजूने होते, तरीही खालच्या यंत्रणांचे चाक थांबले नाही. वरच्या वर्तुळातील व्यक्तींची मर्जी आणि खात्यांची कारवाई या गोष्टी रशियात दर वेळी एकाच दिशेने जात नाहीत, हे यातून दिसले.

परवाना नसलेल्या काळात विद्यापीठाने संशोधन संस्था म्हणून काम चालू ठेवले आणि जाहीर व्याख्याने दिली. बहुसंख्य अध्यापक टिकून राहिले, ही या काळातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. ऑगस्ट २०१८ मध्ये नवा परवाना मिळाला आणि त्याच शरद ऋतूत वर्ग पुन्हा भरले. तोवर वोल्कोव रेक्टर झाले होते. सरकारी तपासण्यांचा अभ्यास केलेल्या विद्वानावर अशाच तपासण्यांनी मोडकळीस आणलेली संस्था सावरण्याची जबाबदारी आली होती.

त्यानंतर दबावाचे स्वरूप पालटले. २०२१ च्या एप्रिलमध्ये ‘प्रबोधनपर उपक्रमां’वर सरकारी नियंत्रण आणणारी दुरुस्ती झाली. जूनमध्ये अमेरिकेतील बार्ड महाविद्यालय अवांछित ठरवले गेले आणि सेंट पीटर्सबर्ग राज्य विद्यापीठातील स्मोल्नी महाविद्यालयाशी असलेला त्याचा दीर्घ सहयोग संपला. ऑक्टोबरमध्ये शानिन्काचे रेक्टर सेर्गेय झुयेव यांना अटक झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर पूर्ण आक्रमण सुरू झाल्यावर पाश्चात्त्य विद्यापीठांनी रशियन संस्थांशी असलेले संबंध मोठ्या प्रमाणावर तोडले, सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवणे हा फौजदारी गुन्हा झाला आणि अनेक अध्यापक देश सोडून गेले. परदेशी हस्तक ठरलेल्या व्यक्तींना सरकारी शिक्षणसंस्थांत शिकवण्यास त्याच वर्षाच्या अखेरीस बंदी आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवल्यामुळे लिंगभाव व लैंगिकता यांवरील संशोधनाची उरलीसुरली जागाही धोक्याची झाली. आधी संस्थेच्या भिंती आणि कागद तपासले जात, आता एखाद्या अध्यापकाचे एक वाक्यही त्याच्याविरुद्ध पुरावा होऊ शकते. युरोपियन विद्यापीठ आक्रमणानंतरही बंद झाले नाही. परदेशी भागीदार आणि गेलेले सहकारी यांची उणीव सोसत ते इतिहास, मानवशास्त्र व कलेतिहास या विषयांत विद्यार्थी घडवीत राहिले, तर निवडणुका, सत्ता आणि लिंगभाव यांच्या ज्या अभ्यासामुळे त्याचे नाव झाले होते, त्याचा मोठा भाग रशियन भाषेत पण रशियाबाहेर लिहिला जाऊ लागला.