पहिल्या घासाची कॅप्सूल

पुण्यातल्या एका रुग्णालयाचा डेकेअर विभाग. सलाइन लावून पाच-सहा तास बसायचं, त्यामुळे शेजारच्या खुर्चीशी ओळख होतेच. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या माझ्या काकूच्या शेजारी चिंचवडचे एक निवृत्त फिटर होते. काकूने डबा संपवला, हात धुतले आणि पर्समधून कॅप्सूल काढली, तशी ते म्हणाले, "वहिनी, जेवल्यावर नका घेऊ. पहिला घास घेतला की एक, अर्ध्या जेवणात दुसरी. मी दोन महिने हीच चूक केली, आठ किलो उतरलो."

चिठ्ठीवर ‘जेवणासोबत’ असंच लिहिलं होतं. पण गोळी म्हटली की जेवणानंतर, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की काकूने ते तसंच वाचलं.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं, जेमतेम १५ सेंटिमीटर लांबीचं. इन्सुलिनमुळे त्याचं नाव आपल्याला ठाऊक असतं, पण त्याचं मोठं काम पाचकरस बनवण्याचं. दिवसाला लिटर-दीड लिटर रस एका नळीतून लहान आतड्यात उतरतो आणि पोळीपासून तुपापर्यंत सगळं फोडतो. गाठीने ही नळी दाबली किंवा शस्त्रक्रियेत ग्रंथीचा भाग काढला, की रस अपुरा पडतो. न पचलेली चरबी तशीच बाहेर पडते. शौच तेलकट होतं, तरंगतं, फ्लश करूनही जात नाही. ही गोष्ट घरात कुणी काढत नाही. डेकेअरमध्ये मात्र चहा पिता पिता बोलली जाते.

कॅप्सूलमध्ये याच रसातली पाचक द्रव्यं, म्हणजे एन्झाइम्स, बारीक दाण्यांच्या रूपात असतात. दाण्यांवरचा लेप जठरातल्या आम्लात टिकतो आणि आतड्यात विरघळतो. म्हणजे अन्न आणि दाणे एकत्र तिथे पोहोचायला हवेत. अन्न पुढे निघून गेल्यावर घेतलेली कॅप्सूल म्हणजे वरात गेल्यावर आलेला बँडवाला. ती चावायची नाही, गरम वरणात मिसळायची नाही, आणि दुधाच्या चहासोबत चिवडा खाल्ला तर तेव्हाही घ्यायची. ही एन्झाइम्स डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. शाकाहारी घरांत हे कळल्यावर शांतता पसरते, म्हणून डॉक्टरांशी आधीच बोललेलं बरं.

आणि घरोघरी निघणारं ते फर्मान: तेल-तूप बंद! या आजारात वजन उतरणं हाच मोठा शत्रू. एन्झाइम्सचा डोस बसला की मऊ भातावरच्या तुपाला सहसा मनाई नसते.

फिटरकाकांनी दुसरी गोष्ट सांगितली ती गारठ्याची. त्यांच्या केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध होतं. त्यामुळे गार वस्तूला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात आणि गार पाण्याने घसा आवळल्यासारखा वाटतो. मज्जातंतूंमधल्या सोडियम वाहिन्या या औषधाने बिघडतात आणि थंडीत तो बिघाड जास्त जाणवतो. त्यांचा तोडगा: फ्रीज नातवाने उघडायचा, थर्मासमध्ये कोमट पाणी आणि डिसेंबरात दूध आणायला जाताना हातमोजे. झिणझिण्या केमोच्या पुढच्या फेरीपर्यंत टिकल्या तर मात्र डॉक्टरांना सांगायचंच, कारण मग डोस कमी करावा लागतो.

इथवर शेजारच्या खुर्चीचं ऐकावं. पुढे कान थोडे आवरते घ्यावेत.

कारण लगेच सुरू होतं, "तुमचा मार्कर किती?" मार्कर म्हणजे सीए १९-९. हा रक्तातला आकडा नुसत्या कावीळीनेही वाढतो. उलट काही जणांच्या शरीरात तो जन्मतःच बनत नाही. त्यांचा आजार वाढला तरी रिपोर्ट सुंदर. एकाच माणसाचा आकडा महिन्यामागून महिना पाहिला तर उपयोगी. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना केली तर झोप जाते, एवढंच.

तीच गत ‘किती दिवस’ या प्रश्नाची. फोल्फिरिनॉक्स या चार औषधांच्या केमोची चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. आजार पसरलेल्या रुग्णांत मध्यक आयुर्मान ११.१ महिने आलं, आधीच्या औषधावर ते ६.८ होतं. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी गेले आणि निम्मे त्यापुढे जगले, काही बरंच पुढे. ती कुणा एकाची मुदत नव्हे. उलट बाजूची फसगतही असते: अनुभव सांगायला आलेले असतात ते टिकलेले. रिकाम्या झालेल्या खुर्च्या बोलत नाहीत.

शिवाय एका अवयवाचा कॅन्सर म्हणजे एकच आजार नव्हे. स्टीव्ह जॉब्स २००३ च्या निदानानंतर आठ वर्षं जगले, हे हमखास ऐकायला मिळतं. पण त्यांची गाठ न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) प्रकारची, बहुधा सावकाश वाढणारी. नेहमी आढळणारा प्रकार पाचकरसाच्या नळीतून उगवतो, तो फार आक्रमक. मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये पोटाच्या तक्रारीने रुग्णालयात दाखल झाले आणि १७ मार्च २०१९ ला गेले. जानेवारीत नाकात नळी असताना त्यांनी मांडलेला अर्थसंकल्प आपण टीव्हीवर पाहिलाय.

रुग्णाला काय वाटतं हे विज्ञानाने मोजायला घेतलं, त्यात या आजाराचा वाटा मोठा आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या जेमसायटाबिन या केमोच्या औषधाच्या चाचणीत मध्यक आयुर्मान महिना-सव्वा महिनाच वाढलं. पण वेदना, वजन आणि हिंडण्याफिरण्याची ताकद मोजली, तेव्हा जवळजवळ २४ टक्के रुग्णांना आराम पडलेला दिसला. जुन्या औषधावर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत होतं. २०१७ मध्ये इतर कॅन्सरच्या ७६६ रुग्णांवरच्या अमेरिकी अभ्यासात याहून पुढची गोष्ट दिसली. संगणकावरून नियमित त्रास कळवणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान ३१.२ महिने, नेहमीच्या पद्धतीने तपासल्या जाणाऱ्यांचं २६. उलटी तिसऱ्या आठवड्यात कळण्याऐवजी तिसऱ्या दिवशी कळली, की फरक पडतो.

वेदनेबाबत तर गप्प बसूच नये. ग्रंथीमागे मज्जातंतूंचं जाळं असल्याने कळ पाठीत जाते, पुढे वाकून बसलं की थोडी हलकी वाटते. त्या जाळ्यात इंजेक्शन देता येतं, मॉर्फिन देता येतं (बद्धकोष्ठाचं औषध त्याच दिवसापासून सुरू करावं). पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक (म्हणजे त्रास कमी करणाऱ्या) सेवेचं केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं. तिथे जाणं म्हणजे ‘आता संपलं’ असा अर्थ लोक काढतात आणि नको तितका उशीर करतात.

काकूने आता वही घातली आहे. डॉक्टर आधी ती मागतात, मग रिपोर्ट. परवाच्या पानावर आहे: कॅप्सूल दोन, साबुदाण्याची खिचडी अर्धी वाटी, पोट शांत, कळ दहापैकी तीन. त्याखाली माझ्या काकांच्या अक्षरात: खिचडीत मीठ कमी होतं.