शिरवाडकर, विष्णु वामन (कुसुमाग्रज)

(२७ फेब्रुवारी १९१२ – १० मार्च १९९९). मराठी कवी, नाटककार व कादंबरीकार. जन्म पुण्याचा, आडनाव मात्र नाशिक जिल्ह्यातल्या शिरवाड्याचे (ता. निफाड). मूळ नाव गजानन रंगनाथ. काकांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. बालपण पिंपळगाव बसवंतला गेले, हायस्कूल आणि कॉलेज नाशिकला झाले. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी १९३० मध्ये सुरू केलेल्या सत्याग्रहात ते १९३२ साली, विद्यार्थिदशेतच, सामील झाले.

सहा भावांत कुसुम ही एकुलती बहीण. तिचा थोरला भाऊ म्हणून ‘कुसुमाग्रज’. नावाचे वळण उघडच राम गणेश गडकऱ्यांच्या ‘गोविंदाग्रज’चे आहे आणि वाटणीही तीच: कविता टोपणनावाने, नाटके खऱ्या नावाने. शिरवाडकरांनी कादंबरीही खऱ्या नावाच्या खात्यात टाकली.

बी. ए. (१९३४) झाल्यावर पोटापाण्यासाठी फिरणे आले. सुरुवात घरच्याच गावात, गोदावरी सिनेटोन या चित्रपट कंपनीत झाली. ‘सती सुलोचना’साठी त्यांनी लेखन केले आणि तोंडाला रंग लावून लक्ष्मणाची भूमिकाही केली. सिनेमात जम बसला नाही. मग पुण्या-मुंबईची पत्रकारिता: ‘प्रभात’, ‘सारथी’, ‘नवयुग’, ‘धनुर्धारी’, एका कचेरीतून दुसरीत. याच ओढाताणीत लिहिलेल्या कवितांचा ‘विशाखा’ हा संग्रह १९४२ मध्ये वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून छापला आणि कुसुमाग्रज हे नाव घरोघर गेले.

‘वैष्णव’ (१९४६) ही पारतंत्र्याच्या शेवटच्या वर्षांतली त्यांची कादंबरी. त्याच वर्षी ‘दूरचे दिवे’ हे ऑस्कर वाइल्डच्या नाटकावरून बेतलेले नाटक आले. पुढे ‘जान्हवी’ व ‘कल्पनेच्या तीरावर’ या कादंबऱ्या झाल्या. कविता आणि ‘नटसम्राट’ (१९७०) यांच्यापुढे कादंबरीकार शिरवाडकरांकडे समीक्षकांचे लक्ष फारसे गेले नाही, हे थोडे अन्यायाचेच आहे.

भटकंती आटोपून ते नाशिकला परतले ते कायमचेच. गावात त्यांना तात्यासाहेब म्हणत. १९५० पासून लोकहितवादी मंडळ या नाशिकच्या सांस्कृतिक संस्थेच्या कामात ते पुढे होते. १९८७ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो.