प्रभुभोजनाची भांडी मागवण्यापूर्वी

मंडळीचे पंच आणि खजिनदार यांस सलाम.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. त्यासाठी आमच्याकडे थाळ्या, पेले आणि घरभेटीचे (न येऊ शकलेल्यांच्या घरी प्रभुभोजन नेण्याचे) डबे मिळतात. मागणी देताना बहुतेक जण विचारतात: सर्वांसाठी एकच मोठा प्याला घ्यावा, की लहान लहान पेले?

शेवटच्या रात्री येशूने एकच प्याला फिरवला. लहान पेले आले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेतून, रोगजंतूंच्या धास्तीने. वाइनऐवजी न आंबवलेला द्राक्षरस त्याच्याही आधीचा. १८६९ साली टॉमस वेल्च नावाच्या मेथोडिस्ट (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) दंतवैद्याने तो टिकवण्याची रीत काढली. (काळे मनुके उकळून गाळलेला रसही चालतो. त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.)

स्वच्छतेसाठी लहान पेले जरूर घ्या. पण आपल्या देशात एका प्याल्याला निराळा इतिहास आहे. तंजावरकडच्या मंडळ्यांत जातीजातींची पंगत प्रभुभोजनातही वेगळी असे. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हे मंडळीत चालणार नाही असे बजावले, तेव्हा पुष्कळांनी मंडळीच सोडली. शेजाऱ्याचा विटाळ नको म्हणून कोणाला वेगळा पेला हवा असेल, तर आमचा माल त्यावर औषध नाही.

थाळी समोर आली की काही जण मान खाली घालून ती पुढे सरकवतात. "मी योग्य नाही." हे येते बायबलमधल्या, प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातून, अध्याय ११. तेथे 'अयोग्य प्रकारे' खाण्यापिण्याबद्दल कडक इशारा आहे खरा. पण त्याच्या वरच्या ओळी वाचा. करिंथात पैसेवाले आधी येऊन जेवून घेत. एक जण उपाशी, तर दुसरा मस्त प्यालेला. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, अशी पौलाची तक्रार आहे, आणि उपाय अगदी घरगुती: एकमेकांची वाट पाहा. स्वतःची पापे मोजत बसण्यापेक्षा शेजारी कोण उपाशी आहे हे पाहणे त्या इशाऱ्याच्या जास्त जवळ जाते, असे आम्हांला वाटते. आम्ही भांडी विकणारे. पाळकसाहेबांना विचारून घ्या.

म्हणून सुचवतो, की पेला हाती आला की लगेच पिऊ नये. शेवटच्या बाकापर्यंत थाळी पोहोचू द्यावी, मग सर्वांनी मिळून प्यावे. आमच्या पेल्यांचा तळ रुंद आहे, मुलांच्या हातातही सांडत नाही.

घरभेटीचा डबा मात्र फार थोडे लोक मागतात. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोममधल्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक भाकर पोहोचवीत, आणि जमलेल्या वर्गणीतून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे लोक यांची सोय होई. दोन्ही गोष्टी त्याने एकाच दमात सांगितल्या आहेत.

पेल्यांची संख्या कळवताना रविवारची हजेरी धरू नका. अंथरुणाला खिळलेल्यांची आणि रुसून घरी बसलेल्यांचीही नावे धरा. जास्तीचे पेले न वापरता उरले, तर परत घेऊ.