तळ्याला जाग येते, माशाला उशिरा

इंग्लंडमध्ये किंवा न्यू जर्सीत परसातल्या तळ्यातले कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) आणि गोल्डफिश कडाक्याच्या थंडीत तगतात आणि मार्च-एप्रिलमध्ये, ऊन पडू लागल्यावर दगावतात, असं बऱ्याचदा घडतं. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार असतं. पाणी 10-12 अंश सेल्सिअसच्या खाली असेपर्यंत त्याची प्रतिकारशक्ती सुस्तच राहते. अंगावर व्रण पाडणारा एरोमोनास जिवाणू मात्र त्याआधीच वाढीला लागतो. धोका आहे तो या मधल्या आठवड्यांत.

म्हणून पहिलं अवजार थर्मामीटर. तो तळाजवळ सोडून सकाळी वाचावा. दुपारचा पृष्ठभागावरचा आकडा फसवतो. 10 अंशांखाली खाणं बंद, मासे तोंड वर काढून मागत असले तरी. 10 ते 15 अंशांत गव्हाच्या अंकुराचं हलकं खाद्य, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच.

कुजलेली पानं आणि गाळ थोडाथोडा काढावा. काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा थर एकदम ढवळला तर विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सगळं पाणी कधीच उपसू नये, पाव हिस्सा बदलला तरी पुरे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणं ही हमखास होणारी चूक. नळाच्या क्लोरिनने अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात. स्पंज तळ्याच्याच पाण्यात, बादलीत खळबळावा. नवीन पाण्यात क्लोरिननाशक घालावंच; पाण्यात क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) असेल, तर ते रात्रभर उघडं ठेवून भागत नाही.

थंडीत मंदावलेले हे अमोनिया पचवणारे जिवाणू सावरण्याआधी खाद्य वाढलं की अमोनिया चढतो, मागून त्यापासून बनणारा नायट्राइट. चाचणीत अमोनिया तेवढाच दिसला तरी सामू (pH) 7 वरून 8 झाला की त्यातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. नायट्राइटवर साधं जाडं मीठ चालतं, 1000 लिटरला 1 किलो. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. कातडीवरच्या काही परजीवींसाठी 3 किलोपर्यंत जातात, पण हप्त्याहप्त्याने, दोन दिवसांत. पाणवनस्पती आधी बाहेर काढाव्यात, फिल्टरमधला झिओलाइट (अमोनिया शोषणारे खडे) सुद्धा. मीठ लागलं की तो शोषलेला अमोनिया परत सोडतो. पाणी उडून जातं, मीठ नाही. त्यामुळे भर घालताना पुन्हा मीठ टाकायचं नाही.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात अंगावरचे ठिपके गेले की लोक औषध थांबवतात, आणि तिथेच फसतात. औषध लागू पडतं ते परजीवीच्या, पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांवर. या परजीवीचं चक्र 24 अंशांना आठवड्याच्या आत पुरं होतं, 10 अंशांना महिन्याहून जास्त लागतो. उपचार त्या हिशेबाने लांबवावा.

नवा कोई तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, जाळी आणि बादलीसुद्धा वेगळी. ती टाकी गार असेल तर उपयोग नाही. कोई हर्पिस विषाणू साधारण 16 ते 28 अंशांतच लक्षणं दाखवतो, म्हणून पाणी 23-24 अंशांवर हवं. या विषाणूवर औषध नाही. ब्रिटनमध्ये तर नुसता संशय आला तरी सरकारी मत्स्यआरोग्य निरीक्षकांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.