ट्रॅकवरचं ऑइल तापमान: कोकणातल्या थर्मोस्टॅटच्या वादाची पार्श्वभूमी

कोकणपट्टीत डांबरी रेसिंग ट्रॅक नाही. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीची जी मंडळी आपली रोजची गाडी ट्रॅकवर पळवतात, ती चेन्नईबाहेर श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला किंवा कोइमतूरच्या 'करी' ट्रॅकला जातात. रजा आणि पैसा दोन्ही जमले तर ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकला. ट्रेलर परवडत नाही, म्हणून गाडी बहुधा चालवतच न्यायची. त्यामुळे इथल्या गाडीचं ऑइल एका आठवड्यात समुद्रकाठचा उकाडा बघतं, आंबा किंवा फोंडा घाटातलं धुकं बघतं आणि शेवटी ट्रॅकवर वीस मिनिटं पूर्ण थ्रॉटलही बघतं. वेगळा ऑइल कूलर, म्हणजे ऑइल हवेने थंड करणारा छोटा रेडिएटर, बसवायचं प्रमाण गेल्या दहा-बारा वर्षांत बरंच वाढलं. त्याबरोबर प्रत्येक गॅरेजमध्ये एकच वाद रंगू लागला: कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट, म्हणजे ऑइल तापेपर्यंत ती वाट जवळजवळ बंद ठेवणारा वॉल्व्ह, हवा की नको? या वादाची मुळं कूलरपेक्षा जुनी आहेत.

मोटारींच्या अगदी सुरुवातीच्या काळात ऑइलच्या तापमानाचा प्रश्न फारसा उभाच राहत नव्हता. ऑइल थेंबाथेंबाने बेअरिंगपर्यंत जायचं आणि जळून किंवा सांडून संपायचं. ते फिरून परत येतच नव्हतं, मग तापत जाणार कसं? १९०७ मध्ये इंग्लंडात ब्रुकलँड्सचा ट्रॅक सुरू झाला आणि इंजिनं लांब पल्ल्यावर एकसारखी पूर्ण वेगात पळू लागली. त्या सुमारास शर्यतीच्या गाड्यांत आणि विमानांत एरंडेल चालायचं. एरंडेल तापलं तरी धातूवरचा थर सोडत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ते लाखेसारखं चिकटून बसतं, म्हणून इंजिन वरचेवर उघडून साफ करावं लागायचं. १९११ मध्ये अमेरिकेत ऑइलच्या जाडीचे क्रमांक ठरले. पुढे थंड हवेसाठी 'डब्ल्यू'चे ग्रेड आले आणि १९५०च्या दशकात थंड-गरम दोन्हींत चालणारं मल्टिग्रेड बाजारात आलं. दरम्यान दाबाने फिरणारं ऑइल, इंजिनाखाली ऑइल साठतं त्या चेंबरला बाहेरून फिन्स, शर्यतीच्या गाड्यांत ड्राय संप (ऑइल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवायची पद्धत) अशा सुधारणा होत गेल्या. १९६४च्या एअर-कूल्ड, मागे इंजिन असलेल्या पोर्श ९११ या जर्मन स्पोर्ट्स कारला तर ड्राय संप आणि ऑइल कूलर कारखान्यातूनच होते. तिथे इंजिन थंड ठेवायचं अर्धं काम ऑइलच करायचं.

आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, आणि १९९० पासून इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आला. कोकणाच्या दृष्टीने मात्र त्या काळातली महत्त्वाची गोष्ट ट्रॅकवर घडलीच नाही, ती घाटात घडली.

अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या दिवसांत टपावर सामान आणि आत सात माणसं घेऊन एप्रिल-मेमध्ये घाट चढायचा, म्हणजे अर्ध्या वाटेवर रेडिएटर उकळणार हे धरूनच निघायचं. डिकीत पाण्याचा कॅन असायचाच. कूलंट कोणी घालत नसे. विहिरीचं साधं पाणी रेडिएटरमध्ये, आणि ब्लॉक लोखंडी. आत गंज धरायचा, तो पाण्याच्या वाटेवरच्या थर्मोस्टॅटमध्ये अडकायचा, वॉल्व्ह बंद अवस्थेतच जाम व्हायचा आणि हेड गॅस्केट जायचं. मेकॅनिकने यावर सरळ उपाय काढला: वॉल्व्हच काढून टाकायचा. कुडाळच्या गॅरेजमध्ये मी लहानपणी ऐकलेलं वाक्य अजून कानात आहे: "हंय खंय थंडी पडता रे? काढून टाक तो वॉल्व्ह."

त्या माणसाला कोणी अडाणी म्हणू नये. त्याच्या समोरची गाडी, ते पाणी आणि तो घाट बघता त्याचा निर्णय समजण्यासारखा होता. अडचण झाली ती हा निर्णय पुढे नियम बनला तेव्हा. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला की पाणी रेडिएटर टाळून बायपासनेच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. तरीही गाडी बदलली, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा झाला, कूलंट आलं, पण "वॉल्व्ह काढ" ही सवय राहिली. वेगळे ऑइल कूलर आले तेव्हा तीच सवय पाण्यावरून ऑइलवर आली.

मधल्या काळातला एक बदल इथे सांगायलाच हवा, कारण त्यानेही घोटाळा वाढवला. २००६-०७ पासून आपल्याकडे आलेल्या १.३ लिटर डिझेल इंजिनांत फिल्टरच्या घरालाच एक छोटा हीट एक्स्चेंजर होता. एका बाजूने ऑइल, दुसऱ्या बाजूने कूलंट. पुढे टर्बो पेट्रोल गाड्यांतही तो सर्रास आला. गॅरेजमध्ये त्याला 'ऑइल कूलर'च म्हणतात. पण सकाळी गाडी सुरू केल्यावर कूलंट आधी तापतं आणि ऑइल मागे राहतं. तेव्हा हा भाग ऑइलला ऊब देतो. ट्रॅकवर ऑइल कूलंटपेक्षा जास्त तापलं की तोच भाग ती उष्णता कूलंटला देतो. म्हणजे नाव कूलर असलं तरी तो दोन्ही दिशांना काम करतो. समोरच्या बंपरमागे बसवलेला हवेचा कूलर तसा नाही. त्याला फक्त थंड करणंच माहीत.

आता वादाच्या गाभ्याकडे येतो. सगळा गुंता 'थंड' या एका शब्दात आहे.

कोकणात थंड म्हणजे पौषातली पहाटेची १८-२० अंशांची हवा, अंगावर शाल घ्यावी इतकी. ऑइलच्या हिशेबात ८० अंशांच्या खालचं सगळंच थंड. साध्या १५डब्ल्यू-४० ऑइलची जाडी ४० अंशांना साधारण १०५ ते ११० सेंटिस्टोक असते आणि १०० अंशांना साधारण १४. साठ अंशांच्या फरकात ते सात-आठपट पातळ होतं. इंजिनातली बेअरिंगची फट, पंप, फिल्टर हे सगळं त्या पातळ अवस्थेसाठी बेतलेलं आहे. ५५ अंशांच्या ऑइलवर रेडलाइन (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) गाठली तर दाबाचा काटा छान वर दिसतो, पण जाड ऑइल फिल्टरमधून नीट जात नाही. फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल बेअरिंगला जातं. म्हणून "इथे थंडी नाही, मग थर्मोस्टॅट कशाला" हे वाक्य हवेबद्दल खरं आहे आणि ऑइलबद्दल खोटं.

थर्मोस्टॅट नको म्हणणाऱ्यांचा मुद्दाही नोंदवतो. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये बसणाऱ्या, ऑइल कूलरकडे वळवणाऱ्या प्लेटमधला वॉल्व्ह अडकला तर कूलर असून नसल्यासारखा, आणि तेही नेमकं पूर्ण वेगात असताना. वाटेत एक भाग वाढला की दाब थोडा घटतो, गळतीची एक जागा वाढते. फेब्रुवारीत चेन्नईला जाऊन दोन दिवस गाडी पळवायची, बाकी वर्षभर ती झाकूनच ठेवायची असेल, तर साधी, थर्मोस्टॅट नसलेली प्लेट चालून जाते. पण आपल्यातल्या किती जणांची गाडी अशी फक्त ट्रॅकसाठी आहे?

एक उदाहरण जवळून पाहिलेलं आहे. ओळखीच्या एकाची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, १९ रोचा (नळ्यांच्या ओळींचा) कूलर, साधी प्लेट. फेब्रुवारीत चेन्नईला ऑइल ११८ च्या वर गेलं नाही, म्हणून तो खूश होता. जुलैत त्याच गाडीतून आम्ही कणकवलीहून राजापूरकडे निघालो. पाऊस धो धो, वायपर शेवटच्या स्पीडवर. कूलंटचा काटा मध्यावर शांत, आणि शेजारच्या गेजवर ऑइल ६४. तासभर चालूनही ६६च्या पुढे जाईना. राजापूरला थांबून ऑइलचं झाकण उघडलं तर आतून पिवळट पांढरा फेस, ताक घुसळल्यावर रवीला लागलेल्या लोण्यासारखा. डिपस्टिक काढली तर पातळी वरच्या खुणेच्याही वर, आणि वासात स्पष्ट पेट्रोल. दमट हवेतून आणि ज्वलनातून क्रँककेसमध्ये आलेलं पाणी उडून जायला ऑइल पुरेसं तापतच नव्हतं. पेट्रोलचंही तेच. आणि सप्टेंबरात हेच ऑइल घेऊन तो कोइमतूरला जाणार होता. पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल १२० अंशांवर किती टिकाव धरेल, या विचाराने मला तिथे उभ्या उभ्या धडकी भरली. आम्ही कूलरच्या निम्म्या भागावर टेप लावला. परतताना गेजवर ८५ दिसलं. घरी येऊन ऑइल बदललं, आणि महिन्याभरात थर्मोस्टॅटवाली प्लेट आली.

टेपची युक्ती आमची नाही. थंड हवेतल्या शर्यतींत आणि रॅलींत कूलर अर्धवट झाकायची पद्धत फार जुनी आहे. आपल्याकडे तिचं काम पावसाळ्यात पडतं, एवढाच फरक. नोएडाला जानेवारीत सकाळी हवा सात-आठ अंशांवर असते. तिथेही पहिल्या सेशनला उघड्या कूलरची गाडी दोन लॅप नुसती ऑइल तापवण्यात घालवते.

या सगळ्यात गेज कुठे बसवला आहे हे विचारायचं राहून जातं. चेंबरमधलं ऑइल, फिल्टरपाशी कूलरकडे निघालेलं ऑइल आणि कूलरमधून परत आलेलं ऑइल यांत ट्रॅकवर सहज दहा-पंधरा अंशांचा फरक पडतो. "माझी १०५ वरच असते" आणि "माझी १२० ला जाते" असं म्हणणाऱ्या दोघांची इंजिनं अगदी सारखीही असू शकतील. मी चेंबरचा आकडा धरतो. ट्रॅकवर १०० ते १२० मध्ये निर्धास्त. १३०ला पाय उचलायचा. १३५ ला एक लॅप हळू फिरून पिटमध्ये यायचं, पण इंजिन लगेच बंद करायचं नाही, कारण टर्बोमधलं ऑइल तिथेच भाजून निघतं. ऑक्सिडेशनचा ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांना ऑइल बिघडायचा वेग दुप्पट होतो. १३५ चं एक सेशन म्हणूनच स्वस्त नसतं.

अलीकडे एक नवी भर पडली आहे. कंपन्यांच्या पुस्तिकांत ०डब्ल्यू-२० आणि त्याहूनही पातळ ग्रेड दिसतात. १६ हा ग्रेड २०१३ मध्ये आणि १२ व ८ हे २०१५ मध्ये अधिकृत क्रमवारीत आले. मायलेज आणि धूर यांच्यासाठी ते केलं गेलं, ट्रॅकसाठी नाही. ट्रॅकला जाताना बरेच जण ४० चा ग्रेड भरतात आणि परत आल्यावर पुस्तिकेतला. माझ्या मते हे योग्यच आहे. पण जाड ऑइल भरून वर साधी प्लेट ठेवली तर पावसात ते आणखी उशिरा तापतं, हेही धरायला हवं.

कूलर कुठे बसवावा यावर मतभेद कमी आहेत. पण कोकणात एक काळजी जास्तीची घ्यावी लागते. समुद्राची खारी हवा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ फिन्स खाते आणि जांभ्याची लाल धूळ ऑइलच्या ओलाव्यावर चिकटून त्यांच्यामध्ये घट्ट बसते. बाहेरून कूलर धड दिसतो, आतून हवा जात नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या गाड्यांचे कूलर दिवाळीनंतर, ट्रॅकच्या दिवसांआधी, उतरवून मागच्या बाजूने हलक्या दाबाच्या पाण्याने धुतात. प्रेशर वॉशरने नाही, त्याने फिन्स आडव्या होतात. धुऊन झाल्यावर कूलर उजेडासमोर धरायचा. पलीकडचा उजेड सगळीकडून सारखा दिसेपर्यंत तो परत बसवत नाहीत.