एक कार्बोरेटर की दोन?

पोर्शेच्या 356 स्पीडस्टरच्या प्रतिकृती आज अनेक देशांत रस्त्यावर दिसतात. वर फायबरग्लासची देखणी बॉडी, पण मागचं झाकण उघडलं की बहुतेक गाड्यांत फोक्सवॅगन बीटलचं, हवेने थंड होणारं 1600 सीसीचं इंजिन निघतं. दोन सिलिंडर उजवीकडे, दोन डावीकडे, चारही आडवे. अशी गाडी बांधायला घेतली की एक प्रश्न हमखास येतो: मधोमध बसणारा मूळचा सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) ठेवायचा, की दोन्ही बाजूंना एकेक बसवायचा?

दोन कार्बोरेटर म्हणजे जास्त हवा आणि जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, असं सर्रास सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. हे इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेताना साधारण 3000 लिटर हवा ओढू पाहतं. कार्बोरेटरचा गळा मुद्दाम अरुंद केलेला असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल वर येतं. एकाच गळ्यातून इतकी हवा जाताना वरच्या वेगात ती अडते.

पण माझ्या मते खरा फरक पडतो तो वाटेच्या लांबीमुळे. मधल्या कार्बोरेटरपासून हेडपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरच्या झाकणापर्यंत, दोन्हीकडे लांब नळ्या जातात. गळ्यातून निघालेलं सगळं पेट्रोल लगेच वाफ होत नाही. बरेच थेंब नळीच्या थंड भिंतीला चिकटून ओघळतात. जे वाफ होतं ते आजूबाजूची उष्णता शोषून घेतं. बाहेर 8-10 अंश तापमान आणि हवा दमट असेल, तर इंजिन चालू असताना कार्बोरेटरखालच्या नळीवर पांढरं हिव साचतं. हात लावून पाहावं, बर्फासारखी गार लागते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की हवा झटकन पोचते, पेट्रोल मागे राहतं आणि गाडी झटका खाते. म्हणूनच फोक्सवॅगनने या नळीला चिकटून एक्झॉस्टच्या गरम वायूची बारीक नळी दिली होती. जुन्या इंजिनांत ती काजळीने तुंबते, आणि बाजारातल्या कित्येक स्पोर्ट्स एक्झॉस्टना तिची जोडणीच नसते. मधोमध मोठा कार्बोरेटर लावून ही उष्णता तोडून टाकणं हा मला सगळ्यांत वाईट पर्याय वाटतो.

दोन कार्बोरेटर हेडच्या अगदी जवळ बसतात. वाट आखूड, भिंती गरम, चारही सिलिंडरना जवळपास सारखं मिश्रण. मूळ 356 मध्येही दोनच होते. फोक्सवॅगनने 1963 मध्ये 1500 एस काढली, तिच्यात दोन कार्बोरेटर आणि 54 अश्वशक्ती होती. एक कार्बोरेटरवाल्या 1500 मध्ये 45. अर्थात एस मध्ये कॉम्प्रेशनही (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबण्याचं प्रमाण) वाढवलं होतं, म्हणून सगळं श्रेय कार्बोरेटरचं नाही.

किंमत मोजावी लागते ती जुळवणीत. दोन्ही थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपा, एकाच वेळी, सारखेच उघडायला हवेत. त्यासाठी दोन्ही थ्रॉटल जोडणारा मधला दांडा सोडवून, हवेचा प्रवाह मोजणारं छोटं यंत्र आधी एका गळ्यावर, मग दुसऱ्यावर धरतात आणि स्क्रू फिरवत दोन्हीकडे काटा एकाच आकड्यावर आणतात. मग दांडा पुन्हा जोडायचा, तोही कुठल्याच थ्रॉटलला ताण न देता. इंजिन तापलं की त्याची रुंदी थोडी वाढते, दोन्ही कार्बोरेटर एकमेकांपासून दूर सरकतात आणि थंड असताना केलेली जुळवणी बिघडते. ती नेहमी गरम इंजिनवरच करावी.

इंजिन मूळचंच 1600 असेल आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायची हौस नसेल, तर सोलेक्स ठेवा, पण उष्णतेची नळी साफ करून घ्या. हौस असेल तर दोन बसवा, पण गळा बेताचा निवडा. वेबर 40 आयडीएफ हे कार्बोरेटर घेतलेत तर आत 28 मिलिमीटरची व्हेंचुरी (गळ्याचा अरुंद भाग) या इंजिनाला मानवते. त्याहून बरीच मोठी घातली तर कमी वेगात गळ्यातली हवा मंदावते, जेटमधून पेट्रोल नीट उचललं जात नाही आणि सिग्नलवरून निघतानाच पिकअप बसतो.